अर्ध्या थेंबाची वाट

बासमतीचे दोन दाणे एकापुढे एक ठेवा. साधारण तेवढ्या लांबीची, म्हणजे 15 मिलिमीटरची, एक नळी आपल्या मेंदूच्या खोल मध्यात असते. आतून रुंदी दीड मिलिमीटरच्या आसपास. हिशेब केला तर तिच्यात एका वेळी मावतो सलाईनचा अर्धा थेंब. नाव मात्र 'सिल्व्हियसचा अ‍ॅक्विडक्ट'. अ‍ॅक्विडक्ट म्हणजे रोमन लोक दऱ्या ओलांडून न्यायचे ते कालवे! शरीरशास्त्रज्ञांना मोठी नावं द्यायची हौसच असते.

मेंदूच्या पोकळ्यांमध्ये पाण्यासारखा नितळ द्रव रात्रंदिवस पाझरतो: मिनिटाला सुमारे 0.35 मिलिलिटर, म्हणजे आठ-नऊ सेकंदांनी एक थेंब. नर्सबाई सलाईन अगदी हळू सोडतात ना, तसं. तरी दिवसाकाठी 500 मिलिलिटरची अख्खी बाटली भरते. सत्तर वर्षांत होतात सुमारे 12,800 लिटर; उन्हाळ्यात वाडीवर येणारा दहा हजार लिटरचा टँकर भरून वर उरावेत इतके. एका वेळी मात्र डोकं आणि पाठीचा कणा मिळून त्यातले फक्त 150 मिलिलिटर असतात. तेवढ्यात 1400 ग्रॅमचा मेंदू असा तरंगतो की त्याचं वजन भरतं जेमतेम 50 ग्रॅम.

यातला बराचसा द्रव तयार होतो नळीच्या वर, आणि खाली उतरायची वाट ही एकच. ती कधी जन्मतःच अरुंद असते, कधी संसर्गानंतर किंवा रक्तस्रावानंतर आक्रसते, कधी शेजारची गाठ तिला दाबते. नळीची रुंदी निम्मी झाली तर अडथळा दुप्पट होईल असं वाटतं. तो होतो सोळापट! एकतृतीयांश उरली तर 81 पट. पॉइझ्यूय या फ्रेंच डॉक्टरचा हा नियम सरळ, संथ प्रवाहाचा आहे. मेंदूतला द्रव हृदयाच्या ठोक्याबरोबर पुढेमागे हेलकावतो, म्हणून आकडे तंतोतंत धरू नयेत. पण गोम कळते. आणि वर पाणी तुंबलं म्हणून झरा काही थांबत नाही.

तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, त्यामुळे डोकं वाढत जातं. टाळू फुगते, नजर खाली ओढल्यासारखी दिसते. बाळाच्या तपासणीत डॉक्टर भुवयांच्या वरून टेप गुंडाळतात ते म्हणूनच. जन्मतः 35 सेंटिमीटरच्या जवळपास असलेला घेर वर्षभरात बारा-एक सेंटिमीटर वाढणं ठीक. त्याहून भरभर वाढला की तपासण्या सुरू. मोठ्या माणसाची कवटी हटत नाही, मग डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं.

उपाय दोन. दुर्बिणीने मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला सुमारे पाच मिलिमीटरचं भोक पाडून नवी वाट काढायची, किंवा शंट, म्हणजे तुंबलेला द्रव दुसरीकडे नेणारी नळी, घालायचा. शंटची भरवशाची झडप 1956 मध्ये अमेरिकेत आली. ती घडवली जॉन होल्टर या कारागिराने. त्याच्या मुलालाच डोक्यात द्रव तुंबण्याचा हा आजार होता. सिलिकॉनमध्ये चीर पाडलेली. दाब वाढला की उघडायची, उतरला की मिटायची. आज शंटची नळी कानामागून, गळ्याच्या आणि छातीच्या कातडीखालून पोटात उतरवतात. तान्ह्या बाळाला शंट घालताना सर्जन नळीची बरीचशी लांबी पोटात जादा सोडतात. पोर उंच होईल तशी ती आपोआप वर सरकत जाते.