मदतनीस ताई काय करते?



पालघर जिल्ह्यातील एका वारली पाड्यावरच्या शाळेत मी मदतनीस आहे. भेटीला येणारे विचारतात, “गुरुजी असताना मदतनीस कशाला?”

तिसरीतल्या एका मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याचे हात थरथरतात, शब्द उशिरा उमटतात. सुरुवातीला त्याची वही मीच लिहायचे, उत्तरही मीच द्यायचे. वही छान दिसायची, पण मुलगा गप्प झाला. गुरुजींनी त्याला प्रश्न विचारला की तो माझ्याकडे बघायचा आणि गुरुजीही माझ्याकडेच. तेव्हा माझी चूक मला कळली.

आता मी पेन्सिलीला चिंधी गुंडाळून ती जाड करते. कागद सरकू नये म्हणून चिकटपट्टी लावते. प्रश्न आधी वारलीत समजावते, मग मराठीत. नंतर मनात दहापर्यंत मोजते. तरी अडला, तरच मदत करते. शौचालयात मात्र आधार द्यावाच लागतो, पण त्याची लाज राखून.

४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिला आहे. पण पटावर नाव लागले म्हणजे मूल शिकू लागले असे नाही. तिथेच मदतनीस लागते.

मागच्या महिन्यात त्याने दोनचा पाढा एकट्याने म्हटला. वेळ लागला, पण सारा वर्ग थांबला. मीही गप्प राहिले.

आपण शाळेत याल तेव्हा त्याच्याशीच बोला आणि उत्तरासाठी थोडे थांबा. एवढी मदत आपणही करू शकता.