विश्लेषण : फोमचे विमान पहिल्याच उड्डाणात का कोसळते?

रिमोटवरचे फोमचे विमान हौसेने आणले जाते आणि अनेकदा पहिल्याच मिनिटात नाकावर आपटते. दोष बहुतेकदा मोटरचा नव्हे, जुळणीचा असतो.

तोल कुठे हवा?
साधारणपणे पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर. तिथे दोन्ही पंखांखाली बोटे टेकवून विमान उचलावे. ते आडवे किंवा नाकाकडे किंचित झुकलेले राहायला हवे. शेपूट जड असेल तर विमान आवरत नाही. अशा वेळी बॅटरी पुढे सरकवावी.

जास्त ताकदीची बॅटरी लावावी का?
घाईने नको. लिथियम-पॉलिमर बॅटरीत दोन सेल म्हणजे ७.४ व्होल्ट, तीन म्हणजे ११.१. व्होल्टेज वाढले की त्याच प्रोपेलरवर मोटर बराच जास्त प्रवाह ओढते आणि वेग नियंत्रक (ईएससी) जळू शकतो. बहुतेक छोट्या विमानांत रिसीव्हरलाही वीज त्याच्याकडूनच मिळते. म्हणजे विमान हवेत असतानाच रिमोटचे ऐकणे बंद! म्हणून आधी ईएससीची क्षमता पाहावी, गरजेनुसार लहान प्रोपेलर लावावा आणि तोल पुन्हा तपासावा.

कुठे उडवावे?
मोकळ्या मैदानात, नजरेच्या टप्प्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ‘लाल’ क्षेत्रात केंद्राच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही.