आफ्रिकेला निघण्याआधी आपले रक्त तपासा



आपला गोंदिया जिल्हा धानाचा आणि राईस मिलचा. मोटार, बॉयलर, सॉर्टेक्स मशीनवर हात बसलेली पोरं आपल्या वस्त्यांत आहेत. अलीकडे त्यांच्यातली काही जणं आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात, "ताई, आफ्रिकेत काम भेटते म्हणते, जाऊ का?" कुणाला केनिया सांगितलेले असते, कुणाला युगांडा, कुणाला टांझानिया. पगार किती, राहायला खोली आहे की नाही, तिकीट कोण काढणार, हे सगळे एजंटने सांगितलेले असते. तब्येतीचे मात्र तो काही बोलत नाही. छातीचा एक्स-रे, एच.आय.व्ही. आणि काविळीची तपासणी झाली की "फिट" असा शिक्का बसतो आणि पोरगा बॅग भरायला लागतो.

जाऊ नका असे आम्ही कुणाला म्हणत नाही. पोटासाठी माणूस मुलूख सोडतोच. आपल्याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. थंड डोंगरातल्या त्या माणसांना इथला उन्हाळाही नवा होता आणि इथला मच्छरही. परक्या मुलखात आधी शरीराची परीक्षा होते, पैशाचे नंतर.

आमच्या माहितीतल्या दोन पोरांची गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही.

पहिला केनियात एका राईस मिलवर दोन वर्षे होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाता यावे म्हणून सुटी काढून आला. चौथ्या दिवशी ताप, थंडी, उलटी. जवळच्या खासगी दवाखान्यात टायफाईड समजून चार दिवस सलाईन लावले. पोरगा परदेशातून आला आहे हे कुणी विचारले नाही आणि घरच्यांनीही सांगितले नाही. ते सांगायची गोष्ट आहे हेच त्यांना माहीत नव्हते. आम्ही पोचलो तेव्हा त्याचे डोळे पिवळे झाले होते आणि तो बरळत होता. रक्त तपासले तर फाल्सिपेरम मलेरिया, तोही डोक्यापर्यंत गेलेला. नागपूरला हलवले, वाचला. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर काय झाले असते ते लिहायची गरज नाही.

फाल्सिपेरम आपल्याला नवा नाही. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यात तो आहेच, आणि आरोग्य खात्याची औषध लावलेली मच्छरदाणी तिथल्या घरांत दिसते. पूर्व आफ्रिकेतला बहुतेक मलेरिया याच जातीचा आहे, फक्त तिथे तो कितीतरी जास्त आहे. व्हिक्टोरिया तलावाच्या काठची गावे, मोंबासाचा समुद्रकिनारा, युगांडाचा जवळपास सगळा भाग यात येतो. नैरोबी शहर उंचावर असल्याने तिथे धोका कमी. पण राईस मिल नैरोबीच्या मध्यभागी कशाला असेल? ती असते धानाच्या बाजूला. केनियात धानासाठी म्वेआ हा भाग प्रसिद्ध आहे, आणि जिथे बांधीत पाणी साचते तिथे मच्छर असणारच, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. "आम्ही लहानपणापासून मच्छरात वाढलो, आम्हाला काय होते" असे पोरं म्हणतात. तिथल्या मोठ्या माणसांच्या अंगात वारंवारच्या तापाने थोडीफार ताकद आलेली असते. आपल्या अंगात ती नाही.

म्हणून जाण्याआधी डॉक्टरला विचारून मलेरिया न होण्याच्या गोळ्या घ्याव्या. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सहा आठवड्यांच्या आतल्या मुक्कामासाठी रोजची डॉक्सिसायक्लिन आणि त्याहून जास्त मुक्कामासाठी आठवड्याला एक मेफ्लोक्विन सांगितली आहे. मानसिक आजार किंवा फेफरे असेल तर मेफ्लोक्विन चालत नाही, गरोदर बाईला आणि लहान लेकराला डॉक्सिसायक्लिन चालत नाही. परत आल्यावरही चार आठवडे गोळी चालू ठेवायची असते आणि नेमकी तीच बंद होते. जुनी क्लोरोक्विन तिथल्या फाल्सिपेरमला पुरत नाही, ती घेऊन निर्धास्त राहू नये. वर्षानुवर्षे तिथेच राहणारा माणूस कायम गोळ्या खात नाही. त्याने मच्छरदाणी सोडू नये आणि ताप आला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी रक्त तपासावे. परत आल्यावर पुढचे काही महिने कोणताही ताप आला तर दवाखान्यात पहिले वाक्य हेच बोला, "मी आफ्रिकेतून आलो आहे, मलेरिया तपासा." डॉक्टर विचारील म्हणून वाट पाहू नका.

आता दुसरा पोरगा. हा जाण्याआधी आला, म्हणजे त्याच्या आईने आणला. एजंटला पैसे देऊन झाले होते, आईचे डोरले गहाण पडले होते. बोलता बोलता कळले की लहानपणी त्याचे हातपाय दुखायचे, दोनदा रक्त चढवले होते. शाळेत असताना सिकलसेलची तपासणीही झाली होती. रिपोर्ट घरी पेटीत होता. कुणाला दाखवला नाही, कारण मोठ्या बहिणीचे लग्न जमवायचे होते. रिपोर्टवर लिहिले होते, एस.एस.

या दुखण्याबद्दल आपल्या समाजात अजूनही कुजबुज चालते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. सिकलसेल हे कुणाच्या पापाचे फळ नाही आणि एका जातीचा रोगही नाही. भारतात तो पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. १९५४ साली अँथनी अॅलिसन या केनियात वाढलेल्या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेतल्या लोकांचे रक्त तपासून दाखवून दिले की ज्या मुलखात मलेरिया जास्त, त्याच मुलखात सिकलसेलचे वाहक जास्त. आईबापांपैकी एकाकडूनच हा गुण आलेला वाहक, म्हणजे ए.एस., जीवघेण्या मलेरियातून वाचण्याची शक्यता जास्त. म्हणून हजारो वर्षे हा गुण मलेरियाच्या मुलखात टिकून राहिला, तिकडेही आणि आपल्या विदर्भातही. युगांडाच्या काही भागांत आजही शंभरात पंधरा-वीस माणसे वाहक आहेत. म्हणजे जो रिपोर्ट आपण पेटीत लपवतो, तोच तिथल्या कितीतरी घरांत आहे.

पण ए.एस. वेगळा आणि एस.एस. वेगळा. वाहकाला जायला हरकत नाही. मलेरिया त्यालाही होतो, तेव्हा मच्छरदाणी आणि गोळ्या त्यालाही लागतात, आणि उन्हात कष्ट करताना पाणी कमी पडू देऊ नये. एस.एस. असेल तर मात्र उलटे आहे. त्याला मलेरिया झाला तर रक्त झपाट्याने उतरते आणि जीवावर बेतते. दुसरी गोष्ट उंचीची. गोंदिया समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, नैरोबी सुमारे १८०० मीटरवर आणि इथिओपियाचे आदिस अबाबा २३०० मीटरच्या वर. उंचावर हवेतला प्राणवायू विरळ होतो आणि एस.एस. माणसाच्या लालपेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, नसा अडतात, वेदनेचा झटका येतो. लांबच्या विमानप्रवासातही हा धोका असतो. नैरोबीत जून ते ऑगस्ट चांगली थंडी असते आणि थंडीही झटक्याला कारण होते. त्यात परक्या ठिकाणी रक्त मिळायचे, हायड्रॉक्सियुरिया नियमित मिळायची, याची हमी कोण देणार?

त्या पोराला आम्ही सांगितले, या कामाला जाऊ नको. तो चिडला. "ताई, तुम्ही गरिबाच्या पोटावर पाय देता," म्हणाला. आम्हाला वाईट वाटले, पण आम्ही शब्द मागे घेतला नाही. नागपूरच्या तज्ज्ञ डॉक्टरला दाखवायला लावले, त्यांनीही तेच सांगितले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की पासपोर्टचा अर्ज भरायच्या आधी सिकलसेल तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी.ने ए.एस. की एस.एस. ते ठरते. पैसे लागत नाहीत. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, त्यात मिळालेले कार्ड पेटीत ठेवायचे नसते, पाकिटात ठेवायचे असते. बायको-लेकरे मागून जाणार असतील तर त्यांचीही तपासणी करा.

पिवळ्या तापाची लस दुसरी महत्त्वाची. हा ताप मच्छरामुळे होतो, आपल्या देशात नाही आणि तो शिरू नये म्हणून सरकार फार कडक आहे. लस एकदाच घ्यायची, प्रमाणपत्र घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि जन्मभर चालते. ही सुई गावच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते, तिथे दिवस ठरलेले असतात, नाव नोंदवावे लागते आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. युगांडात शिरताना हे कार्ड मागतात. केनियाला जाताना भारतातून गेलेल्याला मागत नाहीत, म्हणून पोरं लस घेत नाहीत आणि परत येताना मुंबईच्या विमानतळावर अडकतात. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. अंड्याची जोरदार अॅलर्जी असलेल्याला, गरोदर बाईला, नऊ महिन्यांच्या आतल्या लेकराला, साठीच्या पुढच्याला आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला ही लस डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नये. टायफाईड, कावीळ, धनुर्वात यांचेही त्याच वेळी विचारून घ्यावे. या सगळ्याला निदान सहा आठवडे हाताशी हवेत. तिकीट हातात आल्यावर धावपळ करून होत नाही.

आता तलावाचे. आपण तलावांच्या जिल्ह्यातले लोक. बोडीत, तलावात उडी मारत लहानाचे मोठे झालो. व्हिक्टोरिया तलावाच्या काठी किंवा तिथल्या धानाच्या कालव्यात ही सवय सोडावी लागते. तिथल्या पाण्यात गोगलगायी असतात, त्यांच्यातून निघालेला अगदी बारीक कृमी धडधाकट कातडीतूनही आत शिरतो. याला बिल्हार्झिया म्हणतात. आधी खाज सुटते, नंतर महिने जातात आणि लघवीतून किंवा शौचातून रक्त पडते, यकृत सुजते. प्राझिक्वांटेल या गोळीने बरा होतो. आपल्याकडे हा रोग जवळपास नाही, त्यामुळे इथल्या डॉक्टरच्या चटकन ध्यानात येत नाही. इथेही तुम्हीच सांगायचे की मी तिथल्या तलावात उतरलो होतो.

खाण्यापिण्याचे फार लिहीत नाही. पाणी उकळून प्या. मक्याच्या पिठाचा उगाली आणि चपाती तिथे सगळीकडे मिळते, चहाला चायच म्हणतात. औषधाला स्वाहिली भाषेत दावा, तापाला होमा, पाण्याला माजी आणि डॉक्टरला दक्तारी, एवढे चार शब्द पाठ असू द्या. चांगआ नावाची तिथली हातभट्टी मात्र ओठाला लावू नका. तिच्यात मिथेनॉल मिसळल्याने माणसे आंधळी झाली आहेत, मेली आहेत.

एक गोष्ट मायबहिणींना अवघड वाटेल, पण लिहितो. केनिया, युगांडा, टांझानिया या देशांत मोठ्या माणसांत शंभरात तीन ते सहाच्या आसपास एच.आय.व्ही.बाधित आहेत, आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त. एकटा राहणारा माणूस चुकतो. निरोध जवळ ठेवा. धोका झाला असे वाटले तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठा, संसर्ग टाळणारी औषधे असतात. घरी परतल्यावर नवराबायको दोघांनी तपासणी करावी, त्यात संशयाचा प्रश्न नाही.

विम्याचे लक्षात घ्या. दहावी न झालेला माणूस आखाती देशात जातो तेव्हा सरकारची परवानगी लागते आणि तिच्याबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची असते. केनिया, युगांडा, टांझानिया हे देश त्या यादीत नाहीत. म्हणजे तिथे जाताना ही तपासणी कुणी करत नाही आणि विमाही आपोआप मिळत नाही. मालकाकडून लेखी घ्या की आजारपणाचा खर्च कोण करणार. केनियात पगारातून २.७५ टक्के सामाजिक आरोग्य निधीला कापतात, तर आपले नाव तिथे खरोखर नोंदले का ते विचारा. नैरोबीचे खासगी दवाखाने चांगले आहेत पण आधी पैसे मागतात. नैरोबी, कंपाला आणि दार एस सलाम इथे भारताचे उच्चायुक्तालय आहे. पोचल्यावर नाव नोंदवा. पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा.

त्या दुसऱ्या पोराची आई परवा पुन्हा आली होती. "बाई, एजंटले देलेले पैसे वापस भेटतीन का जी?" परवानाधारक एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. तिच्याजवळ पावती नव्हती. एजंटचा परवाना क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर शोधला, सापडला नाही. पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे, आम्ही सोबत गेलो होतो. पोरगा सध्या गोंदियातच एका मिलच्या ऑफिसात हिशोबाला बसतो, महिन्याला हायड्रॉक्सियुरिया घेतो. डोरले अजून सुटायचे आहे.