जुना निकॉन एफ५ हाती घेताना: यंत्राचं काम आणि आपलं काम

यंत्र आणि माणसाचा निर्णय या विषयावर आपण आतापर्यंत बरंच मोघम बोललो. आज एकच यंत्र घेऊ आणि त्याच्या बटणांपर्यंत जाऊ. निमित्त एका श्रोत्याच्या पत्राचं आहे. ते लिहितात, "सर, वापरलेला निकॉन एफ५ घेतला आहे. आजी ९१ वर्षांची आहे. तिचे फोटो फिल्मवर काढायचे आहेत. सुरुवात कुठून करू?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक अट दडलेली आहे: आजी पुन्हा पुन्हा बसणार नाही. म्हणून माझं पहिलं उत्तर असं, की पहिला रोल आजीवर खर्च करू नका.

आता कॅमेऱ्याकडे वळू. एफ५ बाजारात आला १९९६ साली. वृत्तपत्रांच्या आणि खेळांच्या छायाचित्रकारांसाठी बनवलेला हा कॅमेरा. नुसतं अंग, म्हणजे लेन्स आणि सेल सोडून, १,२१० ग्रॅम. त्यात ८ पेन्सिल सेल लागतात. सेकंदाला ८ चित्रांपर्यंत त्याचा वेग जातो. आता हिशेब करा. रोल ३६ चित्रांचा. बोट दाबून धरलंत तर साडेचार सेकंदांत रोल संपला! म्हणून सगळ्यात आधी चित्रांचा वेग 'एस' वर, म्हणजे एका दाबाला एक चित्र, असा ठेवा.

विकत घेताना काय बघायचं? सेलचा कप्पा बाहेर काढून पाहा. पांढरी-हिरवी बुरशी म्हणजे सेल गळलेले आहेत. लेन्स काढून, मागचं झाकण उघडून शटरचे पडदे बघा, पण बोट लावू नका. ती पाती फार नाजूक असतात. १ सेकंदाचा वेग लावून शटर ऐका, मग १/८००० लावून ऐका. पडद्यावरचे आकडे स्पष्ट दिसतात का, रबर चिकट झालंय का, तेही बघा. रबर साफ करता येतं. आतलं सर्किट गेलं तर मात्र हा कॅमेरा नुसता जड ठोकळा, कारण त्याचं सगळं काम विजेवर चालतं.

लेन्स कोणती? ५० मिलिमीटरची साधी १.८ डी लेन्स घ्या. तिच्यात मोटर नसते, पण एफ५ च्या अंगात असते, त्यामुळे फोकस आपोआप होतो. १९७७ च्या आधीच्या, बदल न केलेल्या लेन्स बसवू नका, कॅमेऱ्याला इजा होऊ शकते. आणि डी लेन्सवरची छिद्राची कडी सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेऊन कुलूप लावा. नाहीतर पडद्यावर 'एफ-ई-ई' अशी अक्षरं लुकलुकतात आणि नवख्याला वाटतं, कॅमेरा बिघडला! छिद्र त्यानंतर पुढच्या छोट्या चकतीने बदलायचं.

आता इथे थोडं तत्त्वज्ञान येतं. गिल्बर्ट राइल यांनी 'द कॉन्सेप्ट ऑफ माइंड' या १९४९ च्या पुस्तकात दोन प्रकारची जाण वेगळी केली: एखादी गोष्ट 'अशी आहे' हे माहीत असणं, आणि ती 'कशी करायची' हे येणं. माहितीपुस्तक पहिल्या प्रकारची जाण देतं. दुसरी बोटांतच यावी लागते. म्हणून आठवडाभर रोल न घालता कॅमेरा वापरा. घरातल्या माणसांवर, खिडकीवर, कुंडीवर. शटर मोकळं चालवायला पैसे पडत नाहीत.

या आठवड्यात काय शिकायचं? दोन गोष्टी. पहिली फोकसची.

पुढच्या बाजूला फोकसचा खटका आहे, त्यावर एस, सी आणि एम. 'एस' मध्ये फोकस जमल्याशिवाय शटर सुटत नाही. 'सी' मध्ये फोकस असो वा नसो, बोट दाबलं की सुटतं. धावणाऱ्या खेळाडूसाठी 'सी', बसलेल्या आजीसाठी 'एस'. व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसच्या पाच जागा दिसतील: मधली, डावी, उजवी, वरची, खालची. मागच्या गोल बटणाने हवी ती निवडायची. जवळच्या डोळ्यावर जागा आणा, बटण अर्धं दाबा, फोकस तिथेच थांबतो. मग चौकट हलवा आणि पूर्ण दाबा.

नीट बघा, यंत्र काय करतं? त्या जागेतल्या रेषा स्पष्ट करतं. तो डोळा आहे की चष्म्याची काडी, हे त्याला कळत नाही. स्पष्ट काय आहे हे यंत्र सांगेल. महत्त्वाचं काय आहे, ते तुम्ही सांगायचं.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. एफ५ च्या मीटरमध्ये १,००५ संवेदक आहेत आणि ते रंगही ओळखतात. समोरच्या दृश्याची तुलना ते ३०,००० हून अधिक नमुना-दृश्यांच्या साठ्याशी करतात. हे ऐकून मला विलेम फ्लुसर आठवतात. १९८३ साली त्यांनी छायाचित्रणावर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा, की कॅमेऱ्यात एक कार्यक्रम आधीच लिहिलेला असतो आणि छायाचित्रकार नकळत तोच पार पाडतो. एफ५ मध्ये हे अक्षरशः खरं आहे: दुसऱ्यांनी पाहिलेल्या दृश्यांचा निवाडा तुमच्या हातात येतो. बहुतेक वेळा तो बरोबरच येतो, हेही मान्य करू. पण पांढरं लुगडं नेसलेली आजी उजेडाच्या खिडकीला पाठ करून बसली, तर मीटर फसू शकतो आणि चेहरा काळवंडतो.

मग करायचं काय? मापनाचा खटका 'स्पॉट' वर आणा. एफ५ मध्ये स्पॉट निवडलेल्या फोकसच्या जागेवरच मोजतो. मीटर मोजलेली गोष्ट मध्यम करड्या तेजाची आहे असं धरतो, आणि आपल्याकडचा गव्हाळ-सावळा चेहरा त्याच्या बराच जवळ असतो. चेहऱ्यावर मोजा, मागच्या बटणाने ते माप धरून ठेवा, मग चित्र घ्या. सुरुवातीला 'ए' पद्धत वापरा: छिद्र ४ किंवा ५.६ तुम्ही ठेवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवेल. वेग १/६० च्या खाली गेला तर हात टेकवा किंवा तिपाई घ्या.

आता पहिला रोल. रंगीत निगेटिव्ह घ्या, आयएसओ ४००, कारण निगेटिव्हला प्रकाश थोडा जास्त झाला तरी चालतं. आयएसओ 'डीएक्स' वर ठेवा, म्हणजे डबीवरचा संकेत कॅमेरा स्वतः वाचतो. फिल्मचं टोक लाल खुणेपर्यंत ओढा, झाकण लावा, शटर दाबा. पडद्यावर १ आकडा आला म्हणजे फिल्म धरली. न आल्यास झाकण उघडून पुन्हा बसवा.

या रोलवर तेच माणूस, तीच खिडकी, तीच खुर्ची घ्या. एकदा मॅट्रिक्सने मोजा, एकदा स्पॉटने. प्रत्येक चित्राचा आकडा, छिद्र आणि मोजण्याची पद्धत वहीत लिहा. वही नसेल तर रोल धुऊन आला तरी कुठलं चित्र कशामुळे चांगलं आलं ते कळणार नाही.

रोल संपला की कॅमेरा थांबतो, स्वतःहून फिल्म मागे गुंडाळत नाही. त्यासाठी मुद्दाम दोन खटके आहेत, एकाने चुकून होऊ नये म्हणून. मोटर पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही. घाई केली तर ३६ चित्रं एका क्षणात जातात.

धुऊन आलेला रोल वहीशेजारी ठेवून बघा. खिडकीपाशी कोणतं माप चेहऱ्याला न्याय देतं, हे आता तुम्हाला ऐकीव नाही, स्वतः पाहून माहीत आहे. मग दुसरा रोल घाला, आणि सकाळच्या उजेडात, आजी ताजीतवानी असताना तिच्यासमोर बसा. ३६ चित्रं भरपूर होतात. तिच्याशी बोलत राहा, कॅमेरा मांडीवर ठेवा, आणि बघण्यासारखं काही दिसलं की उचला.

हे फार दिवस पुढे ढकलू नका, एवढं त्या श्रोत्यांना सांगायचं आहे. सरावाला एक आठवडा आणि एक रोल पुरतो. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.