नांगर वजनाने धरत नाही

गेल्या थंडीत रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीच्या मुखाशी आम्ही पाचजण मित्राच्या लहान मोटरबोटीतून गेलो होतो. ओहोटी होती, पाणी जेमतेम २ मीटर. नांगर टाकला, इंजिन बंद केले आणि डबे उघडले. तीनेक तासांनी सोबतचा तांडेल एकाएकी उठला. "साहेब, नांगर सरकतोय." आम्हाला तर काहीच जाणवले नव्हते. त्याने किनाऱ्याकडे हात केला. सकाळी देवळाचा कळस आणि त्यामागचा उंच माड एका रेषेत होते. आता माड कळसाच्या बराच उजवीकडे दिसत होता. मागच्या खडकांवर फुटणारे पाणीही जवळ आले होते. इंजिन लगेच सुरू झाले म्हणून निभावले.

परतताना मित्र म्हणाला, "पुढच्या खेपेला दुप्पट वजनाचा नांगर आणतो." तांडेल हसला. "वजन कशाला? दोर सोडा की!"

तांडेलाचे बरोबर होते. का, ते पाहू.

नांगर म्हणजे जड वस्तू, ही समजूत जुनी आहे. द्वारका आणि विजयदुर्गजवळच्या समुद्रात दगडी नांगर सापडले आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास केला आहे. पण नुसत्या दगडाची अडचण आर्किमिडीजच्या तत्त्वातून लक्षात येते. २० किलोचा बेसाल्टचा दगड पाण्यात सुमारे १३ किलोच भरतो. त्यातून तो तळावर नुसता टेकलेला असतो. त्याला अडवणारे घर्षण साधारणपणे या वजनाहूनही कमी असते.

आता बोटीवरची ओढ किती ते काढू. वाऱ्याला सामोरे जाणारे बोटीचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर धरा. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा तिला सुमारे १८ किलो वजनाइतक्या बलाने ढकलतो. वेग दुप्पट झाला की बल चौपट होते, म्हणजे सुमारे ७२ किलो. लाटांचे हिसके आणि प्रवाहाची ओढ वेगळीच. नुसत्या वजनावर हे पेलायचे तर बोटीत दगडच भरावे लागतील.

म्हणून नांगराने तळात रुतले पाहिजे. मराठीत शेतातल्या आणि बोटीवरच्या, दोन्ही अवजारांना 'नांगर' हा एकच शब्द आहे. इंग्लंडचे प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर हे हौशी नाविकही होते. १९३३ साली त्यांनी बोटीसाठी जो नांगर बनवला तो खरोखरच शेतातल्या नांगराच्या फाळासारखा होता. ओढाल तसा तो खोल शिरतो. मग त्याला सरकायचे तर पुढ्यातली सगळी माती रेटावी लागते. म्हणूनच चांगला रुतलेला हलका नांगरही स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ सहन करतो.

मात्र ओढ आडवी हवी. वर ओढले की तोच फाळ उपटून येतो. नांगर काढताना आपण हेच तर करतो! बोट नांगराच्या अगदी माथ्यावर आणायची आणि दोर सरळ वर खेचायचा.

आमचे नेमके इथेच चुकले. दोर सोडला होता १५ मीटर. पाणी २ मीटर आणि पाण्यापासून बोटीच्या पुढच्या टोकाची उंची १ मीटर, मिळून ३. दोर ताठ सरळ आहे असे धरले तर उंची भागिले दोराची लांबी म्हणजे कोनाची साइन. सकाळी ती एक पंचमांश होती, कोन सुमारे ११.५ अंश. ताणाचा पाचवा भाग नांगराला वर उचलत होता. भरतीने पाणी २ मीटर चढले आणि उंची ५ मीटर झाली. आता ताणाचा तिसरा भाग वर ओढू लागला, कोन १९.५ अंश झाला. दोर तोच, नांगर तोच, पण भूमिती बदलली.

म्हणून हिशेब नेहमी भरतीच्या पाण्याचा करावा. मुंबईजवळ उधाणाला पाणी ४ मीटरहून अधिक चढते. एकूण उंचीच्या निदान पाचपट, वारा असल्यास सातपट दोर सोडावा. बोट त्या दोरावर गोल फिरेल, तेवढी मोकळी जागा आधी पाहून ठेवावी.

दोर आणि नांगर यांच्यामध्ये काही मीटर साखळी असावी. ती तळावर पडून राहते, ओढ आडवी ठेवते आणि शंखशिंपल्यांवर घासून झिजत नाही. जोराच्या वाऱ्यात साखळीही उचलली जाते, त्यामुळे दोराची लांबी लागतेच. दोर नायलॉनचा घ्यावा. तो ताणला जाऊन लाटांचे हिसके पचवतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो आणि पंख्यात अडकू शकतो.

नांगराचा प्रकार तळ पाहून ठरवावा. वाळूत आणि चिखलात दोन रुंद, चपट्या पात्यांचा नांगर उत्तम धरतो. पण भरती-ओहोटीला प्रवाह उलटला की तो निसटू शकतो. अशा खाडीत फाळाच्या आकाराचा नांगर बरा. खडकाळ तळावर आकड्यांचा नांगर लागतो. तो अडकून बसू नये म्हणून त्याच्या बुडाला वेगळी दोरी आणि तरंगता डबा बांधतात.

नांगर फेकू नये, हळूहळू सोडावा. मग इंजिन सावकाश मागे चालवून तो रुतवावा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवाव्यात. दोर बांधायचा तो बोटीच्या पुढच्या टोकालाच. मागची बाजू बुटकी असते आणि तिथे इंजिनाचे वजन असते. तिकडून बांधल्यास लाट थेट आत येऊन बोट बुडू शकते.

वर्गात हे करून पाहता येईल. घमेल्यात ओली वाळू भरा. पत्र्याच्या लहान त्रिकोणाला जाड तारेचा दांडा ३० अंशांच्या कोनात पक्का बसवा. त्रिकोणाचे टोक वाळूत किंचित खुपसून दांड्याच्या टोकाला दोरी आणि ताणकाटा लावा. आधी दोरी आडवी ओढा, मग १०, २०, ३० अंशांनी. प्रत्येक वेळी 'नांगर' सुटतानाचा आकडा लिहून घ्या. त्यानंतर दहापट वजनाचा दगड ओढून पाहा. दगड आणायचा की दोर सोडायचा, हे मुलेच सांगतील.