हळदीचा मांडव वेळेवर उठावा

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड सोडते आणि आंबिवलीला थांबते. स्थानकाच्या आसपास मोहने, अटाळी, वडवली ही जुनी गावे. नॅशनल रेयॉनचा कारखाना इथे उभा राहिला, हजारो घरे पोसून २००९ मध्ये बंद पडला. इथल्या आगरी-कोळी घरांतली हळद कारखान्याच्या आधीही लागत होती, आजही लागते. पाहुण्यांसाठी गाणे-बजावणे उभे करायचे आणि ते निर्विघ्न पार पाडायचे, ही विद्या या पट्ट्यातली मुले हळदीच्या मांडवातच शिकतात.

या विद्येची पहिली जाणकार म्हणजे धवलारीण. आगरी लग्नात ती धवला गाते आणि त्या गाण्याबरोबर विधी पुढे सरकतो. आता काय मांडायचे, पुढे कोणी यायचे, हळद कोणी लावायची, हे सगळे तिला मुखोद्गत असते. परंपरा जुनी आहे: महानुभाव पंथातल्या महदंबेने तेराव्या शतकात श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने धवळे रचले. धवलारणीपाशी ध्वनिक्षेपक नव्हता, पण कार्यक्रमाचा क्रम पूर्णपणे तिच्या ताब्यात होता.

पुढे बँड आला, बेंजो पार्टी आली. बेंजो हे जपानी ताइशोगोतोच्या कुळातले, कळा दाबून वाजवायचे तंतुवाद्य. बुलबुलतरंग हे त्याचेच नाव. मग ऑर्केस्ट्रा आला आणि शेवटी डीजे. प्रत्येक टप्प्यावर आवाज वाढत गेला आणि क्रम सांभाळणारे माणूस मात्र मांडवातून हरवले. आज मंडपवाला, साउंडवाला, जनरेटरवाला, केटरर आणि निवेदक असे पाचजण वेगवेगळे येतात. त्यांना एका सुतात ओवणारे कोणी नसेल, तर सात वाजता लागायची हळद नऊला लागते. उशिराचे मोठे कारण म्हणजे सत्कार. पुढारी येईल तेव्हा गाणे थांबते, शाल-श्रीफळ होते, नावे वाचली जातात. गायकाचा सूर तुटतो आणि जेवणाची वेळ टळते.

वेळ टळली की कायदा आडवा येतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो लावता येत नाही. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण ती सांस्कृतिक वा धार्मिक सणासुदीसाठी. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. डेसिबलचा हिशेब साधा नाही: १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, २० वाढले की शंभरपट. उघड्यावर अंतर दुप्पट केले तर आवाज साधारण ६ डेसिबलच उतरतो. म्हणून स्पीकर चार घरे पलीकडे सरकवल्याने शेजारच्या आजाऱ्याला फारसा आराम मिळत नाही.

या प्रश्नावरची महत्त्वाची लढाई आपल्याच जिल्ह्यातून लढली गेली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल दिला. ध्वनिक्षेपक लावणे हा कोणाचा मूलभूत हक्क होत नाही, हे त्यात स्पष्ट झाले आणि रस्ता अडवणाऱ्या मंडपांनाही न्यायालयाने चाप लावला.

कायद्याची दुसरी बाजू यजमानाच्या सोयीची आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभातल्या संगीताला सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळेही त्यात धरले आहेत. तिकीट लावून केलेल्या कार्यक्रमाला मात्र ही सवलत लागू होत नाही. म्हणजे घरच्या हळदीत कोणते गाणे वाजवावे याची यजमानाला मोकळीक आहे. बंधन आहे ते आवाजाचे आणि घड्याळाचे.

त्या बंधनात रंगतदार कार्यक्रम बसतो. पाहुणे येण्याआधी, पाचच्या सुमारास साउंड चेक उरकावा. माइकची शिट्टी तेव्हाच सापडते. स्पीकरची तोंडे वस्तीकडे न ठेवता मांडवाच्या आत वळवावीत. जनरेटर मांडवापासून दूर ठेवावा, अर्थिंग तपासून घ्यावे. सगळे सत्कार एकाच दहा मिनिटांत, हळद लागल्यानंतर करावेत. गाणे चालू असतानाच पंगती उठत राहाव्यात, म्हणजे वाढणाऱ्या बायकांनाही शेवटची गाणी ऐकायला मिळतील. कसारा मार्गावर रात्री गाड्या विरळ होतात. वासिंद-आसनगावच्या पाहुण्याला परतीची गाडी मिळणे हाही पाहुणचाराचाच भाग आहे. आणि सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे धवलारणीला द्यावीत, माइक तिच्यासमोर ठेवून.

घरातल्या एका जाणत्या माणसाकडे, शक्यतो आत्या किंवा मामाकडे, कार्यक्रमाचा कागद द्यावा आणि त्याचा शब्द निवेदकानेही मोडू नये. असा अधिकार पूर्वी धवलारणीला होता, म्हणून तिचे कार्य वेळेत पार पडत असे.

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होईल. पत्रिका छापायला टाकाल तेव्हा हळद सुरू होण्याच्या वेळेखाली ती संपण्याची वेळही छापा, आणि ती पाळा.