नऊ सेकंदांचं गणित

भरधाव घोडा शंभर मीटर साधारण नऊ सेकंदांत तोडतो. अठराव्या शतकातल्या तरबेज शिपायालाही बंदूक पुन्हा ठासायला पंधरा ते वीस सेकंद लागत. म्हणजे घोडदळ अंगावर आलं, की पायदळाच्या हाती नेमाची एकच फैर. त्यानंतर फक्त संगीन आणि छाती!

एप्रिल १८००. जयपूरच्या नैर्ऋत्येला मालपुऱ्याजवळ शिंद्यांचे सरदार लखबादादा यांची फौज उभी होती. समोर सवाई प्रतापसिंहांचं जयपुरी सैन्य आणि त्यांच्या मदतीला आलेले जोधपूरचे राठोड. राठोड आधी बेताच्या चालीनं निघाले, म्हणजे घोडे दमत नाहीत, रांग फुटत नाही. जवळ येता येता वेग वाढला. तोफांच्या छर्र्यांनी पुढचे स्वार कोसळले, तरी मागचे थांबले नाहीत. लखबादादांच्या बाजूनं लढणाऱ्या दुद्रनेक या फ्रेंच सरदाराच्या पलटणी पाहता पाहता तुडवल्या गेल्या.

खरं तर घोडा संगिनींच्या कुंपणावर सहसा झेप घेत नाही. रांग अढळ राहिली तर तो बिचकून वळतो. म्हणून असा हल्ला जिंकायचा तो समोरच्याचा धीर मोडून.

पण हल्ला हे घोड्याचं एकमेव काम नव्हे. १६६५मध्ये आमेरच्या मिर्झाराजे जयसिंगांनी पुरंदरला तोफांनी वेढलं आणि आसपासचा मुलूख उजाड करायला स्वार धाडले. युरोपातले ड्रॅगून घोड्यावरून ठिकाणावर पोचत आणि खाली उतरून बंदुकीनं लढत. मराठ्यांनी तर वेगालाच हत्यार केलं: रसद तोडायची, टेहळणी करायची, शत्रू सावरायच्या आत पसार व्हायचं. त्यामागची तजवीज पाहा. शिवरायांच्या पागेत पंचवीस बारगिरांमागे, म्हणजे सरकारी घोड्यांवरच्या स्वारांमागे, एक पखालजी आणि एक नालबंद असे. पाणी आणि नाल, या दोन गोष्टींवर सारा वेग उभा होता!

आता परत मालपुऱ्याला. राठोड पळणाऱ्यांच्या पाठलागावर दूर गेले. तेवढ्यात शिंद्यांच्या उरलेल्या कवायती पलटणींनी जयपूरकरांना मागे रेटलं. विजयाच्या आनंदात राठोड परतले, तेव्हा मैदान शत्रूच्या ताब्यात होतं. रांग फोडायला घोडा लागतो. फोडलेली जागा राखायला मात्र पाय रोवून उभं राहणारा माणूस लागतो.